दुबईचा पगार आणि बीबीचे घर

बीबीसारख्या गावातला मुलगा आखाती देशात निघाला की घरात पहिला प्रश्न असतो, पगार किती? दुबई पुढे आहे, यात वाद नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2025 च्या मानव विकास अहवालात संयुक्त अरब अमिराती 15 व्या, तर भारत 130 व्या क्रमांकावर आहे. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न पाहून हा क्रम ठरतो.

पण हा क्रम देशाचा आहे, आपल्या मुलाचा नव्हे. तिथे बायको-मुलांना सोबत ठेवायला किमान 4,000 दिरहम पगार लागतो. राहायची सोय मालकाची असेल तर 3,000. त्याहून कमी कमावणारा मजूर लेबर कॅम्पच्या खोलीत राहतो आणि लेकरांना अब्बा मोबाईलवरच दिसतात. बीबीत कमाई तुटपुंजी असेल, पण रात्री दस्तरखानावर सगळे सोबत असतात.

हजरत उमर (रजि.) यांनी सैनिकांच्या पत्नींचा विचार करून मोहिमेची मुदत ठरवून दिल्याची रिवायत प्रसिद्ध आहे. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी हेही विचारा: सुट्टी किती महिन्यांनी, तिकीट कोणाचे, कायमचे परतायचे कधी? आणि ही बोलणी सुनेला सोबत बसवून करा. हक्क तिचाही आहे.