ती यादी थोडी थांबवावी

गेल्या महिन्यात प्रयोगशाळेची आवराआवर झाली आणि काढून टाकायच्या सामानाची यादी तयार झाली. विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत ती मंजुरीसाठी येईल. जागा मोकळी झाली की तेथे संगणकाची दुसरी खोली करावी, असा विचार आहे. संगणकांना आमचा विरोध नाही. ही पत्रिकाही संगणकावरच जुळवली जाते. पण यादीतल्या बऱ्याच वस्तू उष्णतेच्या प्रकरणातल्या आहेत, आणि त्यांत 'वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती, नादुरुस्त' ही ओळ वाचली तेव्हा आम्हाला गप्प बसवेना.

नेमकी अशीच एक नादुरुस्त प्रतिकृती ग्लासगो विद्यापीठात होती. टॉमस न्यूकमन याचे इंजिन १७१२ सालापासून इंग्लंडमधल्या खाणींतले पाणी उपसत होते. त्याचे छोटे रूप वर्गात दाखवण्यासाठी विद्यापीठाने ठेवले होते. दुरुस्तीसाठी ते लंडनला पाठवून झाले, उपयोग झाला नाही. १७६३-६४ च्या सुमारास ते जेम्स वॅट या तरुणाच्या हाती आले. हा विद्यापीठाच्या आवारात उपकरणे बनवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा धंदा करी. त्याने ते चालू केले, पण थोडे ठोके पडले की वाफ संपून जाई. मग वाफ जाते कुठे?

न्यूकमनच्या इंजिनात सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग आतच गार पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचे पाणी होई, आत पोकळी होई आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकली. पुढच्या ठोक्याला तेच गार पडलेले सिलिंडर पुन्हा तापवावे लागे, आणि बहुतेक वाफ त्यातच खर्ची पडे. वॅटने मोजमापे घेतली. वाफ गार पाण्यात सोडली तर ती आपल्या वजनाच्या सुमारे सहापट पाण्याला उकळीपर्यंत नेते, हे पाहून तो चक्रावला. उत्तर त्याच विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅक यांच्याकडे होते. बर्फ वितळत असताना उष्णता आत जात राहते, पण थर्मामीटर जागचा हलत नाही, हे त्यांनी आधीच ताडून पाहिले होते. तोच अप्रकट उष्मा. वाफ थंड करायचे भांडे सिलिंडरपासून वेगळे ठेवावे, ही कल्पना वॅटला १७६५ मध्ये सुचली आणि १७६९ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले.

आपली मुले हे आकडे घडाघडा म्हणतात. एक ग्रॅम बर्फाला वितळायला ८० कॅलरी, एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला ५४०. गणितेही सोडवतात. पण थांबलेला थर्मामीटर त्यांतल्या किती जणांनी पाहिला आहे? आम्ही वरच्या वर्गातल्या काही मुलांना विचारले. एकाने पाहिला होता, व्हिडिओत. आता व्हिडिओ दोन मिनिटांचा. या प्रयोगात पाहायचे असते ते पाव तास काहीच न होणे, आणि नेमके तेच तिथे कापलेले असते.

उष्णतेच्या बाबतीत हाताचा भरवसा नाही. जानेवारीतल्या सकाळी बाकाचा लोखंडी पाय हाताला गार लागतो, लाकडी फळी तेवढी लागत नाही. तापमान दोन्हींचे एकच असते. म्हणून तर उपकरण लागले, आणि तेही सहजासहजी साधले नाही. गॅलिलिओच्या काळातल्या उघड्या नळीतले पाणी हवेच्या दाबानेही वरखाली होई. भरवशाचा पाऱ्याचा थर्मामीटर फॅरनहाइटने १७१४ मध्ये बनवला. सेल्सियसने १७४२ मध्ये शंभर अंशांची पट्टी आखली, पण उकळत्या पाण्याला ० आणि गोठत्या पाण्याला १००! ती उलटी झाली ती त्याच्या नंतर. मुलांना हे सांगावे. उत्तर चुकले म्हणून हिरमुसणाऱ्यांना तर आधी सांगावे.

यादीत दोन धातूंची एक पट्टीही आहे. दोन्ही धातू तापल्यावर सारखे लांबत नाहीत, म्हणून ज्योतीवर धरली की ती वाकते. इस्त्री ठराविक तापली की आपोआप बंद होते, त्यामागची जुनी युक्ती हीच. आणि स्वयंपाकघरातला कुकर? देनी पापँ याने १६७९ मध्ये हाडेसुद्धा मऊ शिजवणारे बंद भांडे दाखवले आणि ते फुटू नये म्हणून त्याला वजनाची झडप बसवली. आपल्या शिट्टीचे काम तेच. त्या वजनामुळे आतला दाब वाढतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. हाच पापँ पुढे १६९० मध्ये वाफेने दट्ट्या हलवण्याच्या कल्पनेपर्यंत पोचला. डाळ शिजवण्यापासून इंजिनापर्यंतचे अंतर एवढेच होते.

यादीतले सगळेच ठेवा, असा आमचा हट्ट नाही. पाऱ्याचे थर्मामीटर जायलाच हवेत. पारा विषारी आहे, आणि त्याचा वापर कमी करण्यासाठीचा मिनामाता करार २०१७ पासून लागू आहे. फक्त ते भंगारवाल्याच्या पोत्यात जाऊ नयेत, रीतसर सोपवावेत. त्यांच्या जागी अल्कोहोलचे घ्यावेत. एका संगणकाच्या किमतीत सगळ्या वर्गाला पुरतील. बाकीच्या वस्तूंना एक काचेचे कपाट आणि पंधरवड्यातून एक जोड तासिका द्यावी, एवढेच मागणे आहे. संगणकाची खोली त्याने अडत नाही, आम्ही जागा मोजून पाहिली आहे.

यंत्रशाळेत काम करणाऱ्या एका पालकांनी ती प्रतिकृती फुकट दुरुस्त करून देण्याची तयारी दाखवली आहे. त्यांचे आभार, पण त्यांनी आठवीच्या मुलांच्या शेजारी बसावे आणि पहिला महिना हात लावू नये, अशी आमची विनंती आहे. दट्ट्याचे चामडे वाळले आहे, एवढे वरवर दिसते. खरे कारण दुसरेच काही असेल, तर ते मुलांना सापडू दे.