वर्षभराचा ट्रॅव्हल इन्शुरन्स : 'वर्षभर' म्हणजे नेमके किती दिवस?

वाळूज, शेंद्रा किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्याला परदेशवारीचं पूर्वीइतकं अप्रूप राहिलेलं नाही. वाळूजमध्ये मुख्यालय असलेल्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजचे कारखाने इटली आणि जर्मनीत आहेत. शेंद्र्यात स्कोडाचा प्रकल्प आहे, ऑरिकमध्ये कोरियाची ह्योसंग आहे, आणि बिडकीनसाठी टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारबरोबर करार केला. या मोठ्या कंपन्यांच्या मागे सुटे भाग बनवणारे शेकडो लहान कारखाने आहेत. त्यांचे मालक आणि इंजिनीअर प्रदर्शन, मशीनची खरेदी, ट्रायल किंवा ग्राहकाचं ऑडिट यासाठी वर्षातून तीन-चार वेळा बॅग भरतात.

अशा लोकांना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो : "प्रत्येक वेळी वेगळा इन्शुरन्स कशाला? वर्षभराचा एकदाच काढून टाका." सल्ला चुकीचा नाही. पण या पॉलिसीच्या नावातला 'वर्षभर' हा शब्द चांगलाच फसवा आहे.

हा विषय आताच का?

१८ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी शेंगेन व्हिसाचे नवे नियम मंजूर केले. भारतात राहणाऱ्या ज्या भारतीय नागरिकाने मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नियमानुसार वापरले असतील, त्याला दोन वर्षांचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा मिळू शकतो. तोही नीट वापरला आणि पासपोर्टची मुदत पुरेशी असेल, तर त्यानंतर साधारणपणे पाच वर्षांचा. पूर्वी दर खेपेला कागदपत्रांची फाइल घेऊन मुंबई-पुण्याला धावावं लागे. ती धावपळ नेहमी जाणाऱ्यांसाठी कमी झाली.

इन्शुरन्सची गोष्ट मात्र तिथे संपत नाही, उलट सुरू होते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचं, म्हणजे साधारण ३० लाख रुपयांचं वैद्यकीय संरक्षण लागतं. ते सर्व शेंगेन देशांत चालणारं हवं आणि त्यात तातडीचे उपचार, रुग्णालयाचा खर्च, मायदेशी परत आणण्याचा खर्च आणि मृत्यू हे सगळं यायला हवं. एका खेपेचा व्हिसा असेल तर सगळ्या मुक्कामाचा इन्शुरन्स दाखवावा लागतो. मल्टिपल एन्ट्रीसाठी अर्ज करताना मात्र फक्त पहिल्या खेपेचा दाखवला तरी चालतं. पुढच्या प्रत्येक खेपेला इन्शुरन्स लागतो याची आपल्याला कल्पना आहे, असं निवेदन अर्जावर असतं आणि त्याखाली आपली सही असते.

ही सही किती जणांच्या लक्षात राहते? पहिल्या खेपेला एजंट पॉलिसी काढून देतो. दुसऱ्या खेपेला व्हिसा हातात असतो, तिकीट कंपनी काढते, आणि इन्शुरन्स कोणीच काढत नाही. वार्षिक मल्टि-ट्रिप पॉलिसीचा खरा उपयोग इथे आहे. ही विसरण्याची शक्यता ती काढून टाकते. पैसे वाचतात की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न.

मग अडचण कुठे आहे?

पॉलिसी एक वर्षाची असते आणि त्या वर्षात कितीही वेळा परदेशी जाता येतं. पण प्रत्येक प्रवासाला दिवसांची मर्यादा असते. बाजारात साधारणपणे एका खेपेला ३०, ४५ किंवा ६० दिवस असे पर्याय असतात. काही ठिकाणी ९० दिवसही मिळतात. ३० दिवसांची मर्यादा असलेली पॉलिसी घेऊन तुम्ही ४० दिवस राहिलात, तर ३१व्या दिवशी पाय मोडल्यास पॉलिसी 'चालू' असूनही तुम्ही विम्याबाहेर असता.

कामासाठी आठ-दहा दिवस जाणाऱ्याला याची झळ बसत नाही. बसते ती आई-वडिलांना. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे, नातवंड झालंय, आई-बाबा पाच-सहा महिने राहायला चाललेत, असं घर आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गल्लीत आहे. "वर्षभराचा काढलाय, आता काळजी नाही" असं म्हणत त्यांना विमानात बसवणं म्हणजे पहिला-दुसरा महिना संपला की त्यांना विम्याशिवाय ठेवणं. तेही जगातल्या सर्वांत महागड्या आरोग्यसेवेच्या देशात आणि नेमकं सत्तरीच्या आसपासच्या वयात. अशा लांब मुक्कामासाठी एकाच खेपेची, पूर्ण कालावधीची पॉलिसीच घ्यावी लागते. शिवाय अनेक वार्षिक योजनांना वयाची वरची मर्यादा असते. त्यामुळे आई-बाबांसाठी वार्षिक पॉलिसी हा बहुतेक वेळा चुकीचाच पर्याय ठरतो.

दुसरी मेख पॉलिसीच्या शेवटी असते. तुमची पॉलिसी २० मार्चला संपते आणि तुम्ही १५ मार्चला दहा दिवसांसाठी निघालात, तर शेवटचे पाच दिवस कोणाच्या हिशेबात? काही योजनांत संरक्षण पॉलिसी संपली की संपतं, खेप अर्धवट असली तरी. परदेशात बसून नवी पॉलिसी काढू म्हटलं तर तेही सोपं नाही, कारण प्रवास भारतातून सुरू व्हायला हवा ही बहुतेक पॉलिसींची मूळ अट आहे. मार्च हा आपल्याकडे आर्थिक वर्ष संपण्याचा महिना. त्या गडबडीत ही तारीख हमखास निसटते.

पैशांचं गणित

हप्ता वय, देश, विम्याची रक्कम आणि दिवस यांवर बदलतो, त्यामुळे एकच आकडा सांगण्यात अर्थ नाही. पण गणित सोपं आहे. समजा, दहा दिवसांच्या एका खेपेला १,००० रुपये पडतात आणि वार्षिक पॉलिसी ४,५०० रुपयांची आहे. मग पाचव्या खेपेपासून वार्षिक पॉलिसी स्वस्त पडते. वर्षात दोनदाच जाणाऱ्याने निव्वळ बचतीसाठी ती घेऊ नये.

यात एक गोष्ट मात्र हिशेबाला चटकन लागते : अमेरिका आणि कॅनडा. या दोन देशांसह घेतलेली पॉलिसी त्यांना वगळून घेतलेल्या पॉलिसीपेक्षा महाग असते. तुमच्या चार खेपा जर्मनीच्या आणि एक अमेरिकेची असेल, तर वर्षभर अमेरिकेचा दर भरण्याऐवजी ती एक खेप वेगळी विमित करणं परवडू शकतं. दोन्ही कोटेशन मागवून बघा, एजंट स्वतःहून हे सांगेलच असं नाही.

विम्याची रक्कम डॉलरमध्ये असते आणि ती प्रत्येक खेपेला नव्याने पूर्ण मिळते की सगळ्या वर्षाला मिळून एकच, हेही विचारून घ्या. ५० हजार डॉलर प्रत्येक खेपेला मिळणं आणि वर्षभरात पुरवून वापरणं, या दोन वेगळ्याच वस्तू आहेत.

कंपनीने काढलेला असेल तर?

मोठ्या कंपन्या बहुधा कर्मचाऱ्यांसाठी प्रवासाच्या दिवसांचा गठ्ठाच विकत घेतात. तुम्ही जाल तसे त्यातून दिवस कमी होतात. सोय चांगली आहे, पण काम शुक्रवारी संपलं आणि तुम्ही स्वखर्चाने शनिवार-रविवार स्वित्झर्लंडला गेलात, तर ते दोन दिवस कंपनीच्या पॉलिसीत येतात का, हे एचआरला ई-मेलवर विचारा. तोंडी "हो हो, असतं सगळं" याला क्लेमच्या वेळी किंमत नसते.

लहान कारखान्यांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. मीटिंगला जाणं वेगळं आणि ग्राहकाच्या शॉप फ्लोअरवर उभं राहून मशीन बसवणं वेगळं. अंगमेहनतीच्या किंवा धोक्याच्या कामात झालेली दुखापत काही पॉलिसी वगळतात. टूल बॉक्स घेऊन जाणाऱ्याने तो परिच्छेद वाचलाच पाहिजे.

मुंबईपर्यंतचा प्रवास

पुणे-मुंबईच्या लोकांना न पडणारा प्रश्न इथल्यांना पडतो. चिकलठाणा विमानतळावरून थेट परदेशी जाणारी नियमित सेवा नाही. म्हणून आपली परदेशवारी देशांतर्गत विमानाने, वंदे भारतने किंवा समृद्धी महामार्गाने सुरू होते. ५ जून २०२५ रोजी समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून तर रात्री गाडी काढून थेट मुंबई विमानतळ गाठणारे वाढले आहेत.

समजा गाडी बंद पडली, ठाण्याजवळ वाहतूक तुंबली आणि विमान चुकलं. प्रवास विमा हे पैसे देईल का? बहुतेक वेळा नाही. 'मिस्ड कनेक्शन'चं संरक्षण साधारणपणे आधीचं विमान उशिरा आल्यामुळे पुढचं चुकलं, यासाठी असतं, आणि अनेक पॉलिसींत त्याची व्याप्ती भारताबाहेरच्या प्रवासापुरती असते. खासगी गाडी त्यात बसत नाही.

देशांतर्गत विमान रद्द झालं तर काय, याचा धडा डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच मिळाला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होताना इंडिगोचं वेळापत्रक कोलमडलं, आणि ५ डिसेंबर या एका दिवसात एक हजाराहून अधिक विमानं रद्द झाली. अशा वेळी घरापासून परदेशापर्यंतचं तिकीट एकाच बुकिंगमध्ये असेल, तर पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. मुंबईपर्यंतचं तिकीट वेगळं आणि पुढचं वेगळं काढलं असेल, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी असता. दोन-तीन हजार वाचवण्यासाठी तिकिटं तोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. इथे इन्शुरन्सपेक्षा एकत्र तिकीट जास्त कामाचं.

(देशातल्या देशात फिरताना ही पॉलिसी सहसा लागूच होत नाही. रेल्वेच्या ई-तिकिटावर ४५ पैशांत मिळणारा, मृत्यू झाल्यास १० लाख रुपये देणारा अपघात विमा हा पूर्णपणे वेगळा प्रकार आहे. तो पर्याय निवडायला विसरू नका, इतकंच.)

युद्ध झालं तर?

२३ जून २०२५ रोजी इराणने कतारमधल्या अल उदैद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं डागली आणि कतारने काही तास हवाई हद्द बंद केली. भारतातून युरोपला जाणाऱ्यांतले कितीतरी जण दोहा, दुबई, अबू धाबी याच मार्गाने जातात. अडकलेल्यांपैकी अनेकांच्या खिशात पॉलिसी असणार. पण युद्ध आणि युद्धसदृश कारवाया हे जवळजवळ प्रत्येक प्रवास विम्याच्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत असतात. विमान रद्द झाल्याचा परतावा विमान कंपनीकडेच मागावा लागतो. आखाती मार्गाने वारंवार जाणाऱ्याने वार्षिक पॉलिसी घेताना हे एक कलम आधी शोधावं. काही कंपन्या दहशतवादी हल्ल्यातल्या दुखापतीला संरक्षण देतात, पण युद्धाला नाही. दोन्ही शब्द शेजारीशेजारी छापलेले असतात आणि वाचताना गल्लत होते.

बीपी, शुगर आणि खरं बोलणं

पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी बहुतेक पॉलिसी काहीच देत नाहीत, किंवा फक्त जीव वाचवण्यापुरते तातडीचे उपचार ठरावीक रकमेपर्यंत देतात. मधुमेह लपवून हप्ता थोडा कमी होईलही, पण परदेशातल्या डॉक्टरने केस पेपरवर लिहिलेली हिस्टरी थेट विमा कंपनीकडे जाते. वार्षिक पॉलिसीत यात आणखी एक गुंता आहे. मार्चच्या खेपेत छातीत दुखलं, क्लेम झाला. मग सप्टेंबरच्या खेपेत तोच त्रास 'जुना आजार' धरला जाणार का? याचं उत्तर कंपनीकडून लेखी घ्या.

क्लेमच्या वेळी

एका खेपेच्या पॉलिसीवर जाण्या-येण्याच्या तारखा छापलेल्या असतात. वार्षिक पॉलिसीवर त्या नसतात. म्हणून तुम्ही भारतातून कधी निघालात आणि हा तुमचा कितवा दिवस आहे, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. आजवर पासपोर्टवरचा शिक्का हा सोपा पुरावा होता. पण १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी टप्प्याटप्प्याने शिक्क्याऐवजी डिजिटल नोंदणी सुरू केली आहे. म्हणजे युरोपातून परतल्यावर पासपोर्टवर त्यांची खूण नसेलही. बोर्डिंग पासचा फोटो काढून ठेवा, जाताना आणि येताना दोन्ही वेळा. ती चिठ्ठी विमानातल्या सीटच्या खिशात सोडून येण्याची सवय मोडायला हवी.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. घरी येऊन केलेल्या ई-मेलवर भागत नाही. दवाखान्यात भरती होण्याची वेळ आली तर शक्य तितक्या लवकर पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि तो क्रमांक बरोबरच्या माणसाकडेही देऊन ठेवा. बऱ्याच पॉलिसींत सुरुवातीचे काही डॉलर आपल्या खिशातून जातात, तेव्हा छोट्या बिलांसाठी फार आशा ठेवू नका.

क्लेम नाकारला तर आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करायची. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. छत्रपती संभाजीनगरसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद चालतात. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. त्यामुळे नकाराचं पत्र आलं त्या दिवसाची तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.