दहा वर्षांची दिवाळी, मग शिमगा



गेल्या महिन्यात आमच्या भिशीला एक वहिनी नवी कोरी पैठणी नेसून आल्या. सगळ्या जणी पदर हातात घेऊन बघतायत, तर त्या हळूच म्हणाल्या, "अहो, ही फुकटची आहे! पाटल्या गहाण ठेवून कर्ज काढलं, त्याचे शेअर घेतले. चार महिन्यांत व्याज सुटून वर साडी निघाली."

घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे आधीपासूनच तयार! "आपल्याही पाटल्या कपाटात नुसत्या पडून आहेत," म्हणाले. खोटं कशाला सांगू, माझंही मन चाळवलं. शाळेतला माझा अर्धवेळ पगार तो केवढा! सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता एवढंच म्हणाल्या, "ठेवायच्या तर ठेवा. पण आधी गोटांची गोष्ट ऐका."

ती गोष्ट शेवटी सांगते. ती नीट कळायला आधी शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत डोकवावं लागेल. बी.ए.ला असताना हा धडा मी परीक्षेपुरता घोकला होता. या वेळी मात्र तो घरखर्चाच्या वहीसारखा वाचला, आणि खरं सांगते, झोप उडाली.

पहिलं महायुद्ध संपलं आणि १९२० नंतर अमेरिकेत जणू दिवाळीच सुरू झाली. १९२० मध्ये पिट्सबर्गला पहिलं व्यापारी रेडिओ केंद्र निघालं आणि दहा वर्षांत दर पाचांतल्या दोन घरांत रेडिओ वाजू लागला. फोर्डची मोटार १९०८ मध्ये निघाली तेव्हा साडेआठशे डॉलरच्या आसपास होती, ती १९२५ पर्यंत तीनशेच्या आत आली. शहरांतल्या घरांत वीज आली, तिच्या पाठोपाठ इस्त्री, कपडे धुण्याचं यंत्र, पुढे फ्रिज. हातानं धुणी धुणाऱ्या बाईला हे केवढं सुख, ते मी तुम्हांला काय सांगायचं?

पण या वस्तू रोख कोण घेत होतं? अर्ध्याहून जास्त मोटारी हप्त्यांनी विकल्या जात होत्या. रेडिओ आणि फर्निचरचंही तेच. पूर्वी उधारी म्हणजे लाज होती, आता ती रीत झाली. आज वापरा, पैसे उद्या द्या. उद्याचा पगार आजच खर्च झाला, हे कुणाच्या ध्यानात येईना, कारण पुढच्या वर्षी पगार वाढणारच अशी सगळ्यांची खात्री.

इथे एक गोम होती. कारखान्यांचं उत्पादन आणि मालकांचे नफे भराभर वाढत होते, मजुरांचे पगार तेवढे वाढत नव्हते. शेतकऱ्यांची तर त्या दशकात दिवाळी झालीच नाही. युद्धानंतर धान्याचे भाव जे पडले, ते नीट सावरलेच नाहीत. म्हणजे वस्तू ढीगभर आणि घेणाऱ्यांच्या हातात पैसा बेताचा. मधली फट हप्त्यांनी बुजवलेली.

आणि मग शेअरबाजार! ऑगस्ट १९२९ मध्ये तिकडच्या 'लेडीज होम जर्नल' या बायकांच्या मासिकात एक लेख आला. हो, आपल्यासारख्याच बायकांच्या मासिकात! त्याचं नावच होतं 'प्रत्येकानं श्रीमंत व्हायला हवं'. जनरल मोटर्सचे मोठे धनिक जॉन रॅस्कॉब त्यात सांगत होते, की महिन्याला पंधरा डॉलर चांगल्या शेअरमध्ये घाला, लाभांश पुन्हा त्यातच गुंतवा, वीस वर्षांत ऐंशी हजार डॉलर होतील. हे वाचून किती जणींनी आपल्या डब्यातले पैसे मोजले असतील, मी मनाशी म्हटलं.

बचत करा हे सांगणं वाईट नव्हे. पण बाजारात चालत होतं ते निराळंच. शंभर डॉलरचा शेअर घ्यायला दहा-वीस डॉलर पुरत, बाकीचे दलाल कर्जाऊ देई. समजा तुम्ही दहा घातले आणि नव्वद कर्ज घेतलं. शेअर एकशेवीसला गेला की तुमच्या दहाचे तीस झाले. पैठणी आली! पण तोच शेअर नव्वदवर उतरला, की तुमचे दहा साफ बुडाले. दलाल म्हणणार, आणखी पैसे आणा, नाहीतर शेअर विकतो. तुमच्याकडे नसले की तो विकतो. त्यानं भाव आणखी उतरतो आणि शेजारणीला निरोप जातो. १९२९ च्या शरद ऋतूत दलालांच्या या कर्जांचा आकडा आठशे कोटी डॉलरांच्या वर गेला होता.

जाणत्यांनाही भुरळ पडली होती. आयर्विंग फिशर हे येल विद्यापीठातले नावाजलेले अर्थशास्त्रज्ञ. शेअरचे भाव आता कायमच्या उंचीवर स्थिरावले आहेत, असं ते ऑक्टोबरच्या मध्यावर म्हणाले. पुढे त्यांची स्वतःचीही मोठी संपत्ती गेली. त्याआधी सप्टेंबरमध्ये रॉजर बॅबसन यांनी बाजार कोसळणार असं सांगितलं होतं, पण सुखाच्या दिवसांत असं बोलणारा माणूस अपशकुनी वाटतो.

मोठ्या कंपन्यांच्या भावांचा डाऊ जोन्स निर्देशांक १९२१ च्या ऑगस्टमध्ये ६४ च्या आसपास होता. ३ सप्टेंबर १९२९ ला तो ३८१ झाला. मग २४ ऑक्टोबरच्या गुरुवारी घबराट पसरली, २८ आणि २९ ऑक्टोबरला बाजार कोसळला आणि जुलै १९३२ मध्ये निर्देशांक ४१ वर आला. शंभर डॉलरांतले अकरा उरले! जुनी उंची पुन्हा गाठायला १९५४ साल उजाडलं.

तुम्ही म्हणाल, ज्यांनी शेअर घेतले त्यांनी भोगलं, आम्हांला काय? पण बहुसंख्य कुटुंबांकडे एकही शेअर नव्हता, तरी ती भरडली गेली. कशी, ते बघा. हप्ता चुकला की वस्तू परत जायची आणि आधी भरलेले पैसेही बुडायचे. म्हणून लोकांनी हप्ते भरले आणि बाकीची खरेदी थांबवली. खरेदी थांबली म्हणून कारखाने थंडावले. कामगार घरी बसले, त्यांची खरेदी थांबली. त्यात सरकारनं १९३० मध्ये परदेशी मालावर जबर जकात बसवली, तशी इतर देशांनीही बसवली आणि व्यापार आटला. बँकांतल्या ठेवींना विमा नव्हता. बँक डबघाईला आली अशी कुजबुज झाली, की दाराशी रांग लागे आणि धड बँकही बुडे. १९३० ते १९३३ या काळात सुमारे नऊ हजार बँका बंद पडल्या. १९३३ मध्ये दर चौघा कामकऱ्यांतला एक बेकार होता. पिठाच्या पोत्याचं कापड धुऊन बायका मुलींचे फ्रॉक शिवत, म्हणून गिरण्या पोत्यांवर फुलं छापू लागल्या!

आता गोटांची गोष्ट. मंदी समुद्र ओलांडून आपल्याकडेही आली. शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर उतरले, पण सारा आणि सावकाराचं व्याज रोखच भरायचं होतं. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडनं आपल्या चलनाचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं. आपला रुपया पौंडाला बांधलेला, म्हणून रुपयांत सोन्याचा भाव चढला आणि अडलेल्या घरांतलं सोनं बाहेर निघालं. मुंबई बंदरातून ते बोटी भरभरून परदेशी गेलं. त्यात सासूबाईंच्या आजेसासूबाईंचे गोटही होते. ज्वारीला भाव नाही, सारा थकलेला. म्हातारपणी त्या सांगायच्या, "अमेरिका कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं. पण माझे हात तिनंच रिकामे केले."

सासूबाई मग म्हणाल्या, "त्यांनी गोट मोडले ते घर वाचवायला. तुम्ही कशाला मोडताय?" ह्यांना उत्तर सुचलं नाही. मलाही नाही.

पाटल्या कपाटातच राहिल्या. महिन्याच्या शिलकीतून जी थोडी गुंतवणूक होते ती चालूच आहे. कर्ज काढून मात्र नाही. त्या रात्री आम्ही दोघांनी वही काढली. तुम्हीही काढा. ही चार कामं करा:

सगळ्या हप्त्यांची बेरीज करा, मोबाइलवरच्या 'आता घ्या, नंतर द्या'सकट. आमची बेरीज ह्यांच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेली होती आणि आम्ही स्वतःला काटकसरी समजत होतो!

पगार सहा महिने थांबला तर हप्ते कशातून भरायचे, ते लिहा. उत्तर नसेल तर नवा हप्ता नको.

बँकेतल्या ठेवींना आपल्याकडे १९६२ पासून विमा आहे. आज एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेतल्या ठेवीला हे छत्र नाही. आपले पैसे कुठे आहेत ते पाहून घ्या.

आणि हा हिशेब बरे दिवस असतानाच करा. अडचणीत सगळेच जपून वागतात. बुडवतात ती चांगली वर्षं, कारण तेव्हा वही उघडावीशी वाटत नाही.

त्या वहिनींना मी हे सांगितलं. त्या हसल्या, पण जाताना विचारलं, "ती बेरीज कशी करायची म्हणालीस?"

तुमची बेरीज किती निघाली, मला जरूर कळवा. नाव छापणार नाही. पुढच्या आठवड्यात डाळी-तांदळाच्या वर्षाच्या साठवणीबद्दल बोलू.