कांदा कळतो, मग 'मॉड' का कळत नाही?

काल अकरावी सायन्सच्या पुतणीची वही चाळली. |क्ष − ५५| > १० याचं उत्तर लिहिलंय: ६५ < क्ष < ४५. म्हणजे एकच संख्या ६५ पेक्षा मोठी आणि ४५ पेक्षा लहान! विचारलं, तर म्हणते, "काका, क्लासमध्ये ट्रिक दिलीय, तीच पाठ केली."

अहो, आपण देवळ्याची माणसं. चाळीवर कांदा निवडताना हेच तर करतो. समजा, ४५ ते ६५ मिलिमीटरचा माल हवाय. मध्य ५५, दोन्हीकडे १० पर्यंत फरक चालेल: |क्ष − ५५| ≤ १०. आणि बाजूला काढलेला कांदा? एकतर ४५ च्या आतली गोल्टी, किंवा ६५ च्या वरचा. 'किंवा', 'आणि' नाही! केवलमूल्य म्हणजे अंतर, बस.

नववीत मराठीतून केवलमूल्य शिकलेली पोरं अकरावीत इंग्रजी 'मॉड'ला बिचकतात. त्यांना संख्यारेषा काढून दाखवायला पाच मिनिटं लागतात. ती द्यायची नाहीत आणि सीईटीच्या नावाखाली ट्रिका विकायच्या, याला शिकवणं म्हणायचं?

पालकांनो, फी भरण्याआधी एकच विचारा: सर, अर्थ शिकवणार का?