आधी टप्पा, मग वेग

दिवाळीत मुलगा वडिलांजवळ हट्ट धरतो तो बॅटीचा. ‘मला गोलंदाज व्हायचे आहे’ म्हणून रुसून बसलेले चिरंजीव निदान आमच्या पाहण्यात नाहीत! त्यातून ६ फेब्रुवारी २०२४ रोजी बेनोनीला, एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात बीडच्या सचिन धसने ९६ धावा काढल्या. तेव्हापासून आमच्याकडे बॅटीचा भाव काही विचारू नका.

पण वाचकहो, जरा हिशेब करून पाहा. फलंदाजी शिकायची तर बॅट हवी, पॅड हवेत आणि समोर चेंडू टाकणारा कुणी हवा. गोलंदाजी एकट्याला शिकता येते. एक चेंडू, भिंतीवर कोळशाने ओढलेल्या तीन रेघा आणि २२ यार्ड मोकळी जागा, एवढ्यावर ही शाळा भरते.

पहिला धडा बोटांचा. चेंडूची शिवण उभी धरावी. तिच्या दोन बाजूंना तर्जनी व मधले बोट, खाली अंगठ्याचा टेकू. मूठ आवळू नये. दुसरा धडा हाताचा. चेंडू टाकायचा असतो, फेकायचा नसतो. हात खांद्याच्या उंचीला आला, की वाकलेले कोपर झटक्याने सरळ करायचे नाही; केले तर पंच नो-बॉल देतात. तिसरा धडा पायांचा. यष्ट्यांपुढे ४ फुटांवर रेषा असते. पुढल्या पायाचा काही भाग तरी तिच्या मागे पडला पाहिजे. आधी जागेवरून टाकावे, मग चार पावलांवरून. लांब धाव अगदी शेवटी. चौथा धडा टप्प्याचा. पुढे जावे की मागे, असा फलंदाजाला प्रश्न पडेल तेथे रुमाल अंथरावा आणि रोज त्यावर चेंडू पाडावा. वेग मागाहून येतो.

पालवणकर बाळू हे असेच घडले. पुण्यात साहेबांच्या सरावासाठी ते तासन्‌तास चेंडू टाकीत. बॅट त्यांच्या हाती क्वचितच येई. चांभार कुटुंबातला म्हणून चहा वेगळ्या मातीच्या पेल्यात मिळे. याच गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना नाकारले गेले. १९२३ साली ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

हे आज सांगण्याला कारण आहे. दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. बिऱ्हाडाबरोबर कितीतरी मुलेही जातात. शाळा मागे राहते, मैदान मागे राहते. त्या बोचक्यात बॅट मावायची नाही. चेंडू मात्र मावतो. चेंडूने शाळेची उणीव भरून निघत नाही, ती भरून काढणे थोरांचे काम. पण सचोटीने टाकलेल्या सहा चेंडूंचा आनंद फडाच्या कडेलाही तेवढाच असतो.

तेव्हा यंदा चिरंजीवांसाठी बॅट घ्याल, तर एक चेंडू जास्तीचा घ्या. तो कुणाच्या हाती द्यायचा, हे चिरंजीवांनाच ठरवू द्या.