फी माफ, पण लॅपटॉप भावाचा

‘बीसीए, एमसीए कर गं, सावलीतली नोकरी मिळेल,’ असं हल्ली आजीसुद्धा सांगते. सरकारनेही हात दिला. जुलै २०२४च्या निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मंच माफ होतं.

पण कॉम्प्युटर हा विषय नुसता वाचून येत नाही हो! प्रोग्रॅम लिहायचा, चालवायचा, अडला की चूक शोधत बसायचं. एक सेमीकोलन राहिला तरी तास जातो. लॅबची वेळ संपली की सराव घरीच. आणि घरी लॅपटॉप एकच, तोही भावाचा. तो झोपला की हिची पाळी.

माझ्या ओळखीतली एक मुलगी विद्यापीठात एमसीए करतेय. डेटाबेसच्या क्वेरी ती दिवसा वहीत पेन्सिलीने लिहून ठेवते, रात्री अकरानंतर टाइप करून बघते. सकाळी डबे आहेतच. आईला विचारलं, तर म्हणाली, ‘अहो, हिला फीसुद्धा पडत नाही, मग लॅपटॉप कशाला?’

मला हा हिशेबच कळला नाही. फीचे जे पैसे वाचले, ते तिच्याच शिक्षणाचे ना? त्यातून आधी तिचा लॅपटॉप यावा, सेकंडहँड का होईना. विद्यापीठांनीही संध्याकाळी लॅब दोन तास जास्त उघडी ठेवावी. फक्त शेवटच्या एसटीची वेळ बघून!