पुरस्कार अध्यापनाचा, मोजमाप फायलीचे

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात १० फेब्रुवारी या वर्धापनदिनाच्या निमित्ताने उत्कृष्ट महाविद्यालय, उत्कृष्ट प्राचार्य आणि उत्कृष्ट शिक्षक असे पुरस्कार देण्याची प्रथा आहे. शहरी आणि ग्रामीण महाविद्यालयांचा विचार त्यात स्वतंत्रपणे केला जातो. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरलेल्या विद्यापीठाला ही विभागणी करणे भागच होते. पुण्यातील नामवंत महाविद्यालय आणि ओतूर किंवा घोडेगावचे महाविद्यालय यांना एकाच तराजूत घालणे अन्यायाचे ठरले असते. मात्र विभागणी झाली तरी मूळ प्रश्न उरतोच. या पुरस्कारांनी नेमके काय मोजावे?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत हा प्रश्न अधिक स्पष्टपणे दिसतो. जुन्नरचे श्री शिवछत्रपती महाविद्यालय, ओतूरचे अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, नारायणगावचे ग्रामोन्नती मंडळाचे महाविद्यालय, मंचरचे रयत शिक्षण संस्थेचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय, घोडेगावचे बी. डी. काळे महाविद्यालय ही येथील उच्च शिक्षणाची प्रमुख केंद्रे. अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. कागदोपत्री ही सारी ‘ग्रामीण’. पण पुणे-नाशिक महामार्गालगतच्या बागायती गावांतून येणारा विद्यार्थी आणि माणिकडोह किंवा डिंभे धरणाच्या पलीकडील महादेव कोळी, ठाकर समाजाच्या वाडीतून येणारा विद्यार्थी यांच्या परिस्थितीत मोठे अंतर आहे. दुसऱ्याच्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारा तो अनेकदा पहिलाच असतो.

न दिसणारे काम

दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या हाती विज्ञान शाखेत एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तक पडते. त्याला संकल्पना आधी मराठीतून समजावायची, मग इंग्रजी परिभाषेपर्यंत न्यायचे आणि हे सारे शेवटची एसटी सुटण्याआधी उरकायचे, हे अध्यापनाचे खरे कौशल्य आहे. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रावर राष्ट्रीय विज्ञानदिनी, म्हणजे २८ फेब्रुवारीला, विज्ञान प्रदर्शन भरते. त्यासाठी विद्यार्थ्यांकडून प्रयोग करून घेताना शिक्षकाचे कित्येक आठवडे जातात. या परिश्रमांची नोंद कोणत्या रकान्यात करायची, याचे उत्तर प्रस्तावाच्या नमुन्यात सहसा सापडत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी पदोन्नतीसाठी अध्यापनाचे मोजमाप ठरवले ते घेतलेल्या तासांच्या टक्केवारीवरून. नेमून दिलेल्यापैकी ८० टक्के वा अधिक तास घेतले तर ‘चांगले’, ७० ते ८० टक्क्यांदरम्यान ‘समाधानकारक’. त्या तासांत काय घडले, याविषयी ही टक्केवारी काहीच सांगत नाही. याच विनियमांनी आंतरराष्ट्रीय पुरस्काराला ७, तर राष्ट्रीय पुरस्काराला ५ गुण दिले. पण संशोधनाच्या तक्त्यात. पुरस्काराला गुण मिळू लागले की पुरस्कारांची संख्या वाढणे ओघानेच येते. नोंदणी शुल्क घेऊन ‘राष्ट्रीय’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ सन्मानपत्रे वाटणाऱ्या संस्थांचे पेव शिक्षणक्षेत्राला नवे नाही.

पात्रतेबाहेरचे शिक्षक

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारांची सुरुवात १९५८ मध्ये झाली, ती शालेय शिक्षकांसाठी. उच्च शिक्षणातील अध्यापकांना त्यात स्थान मिळण्यास २०२३ साल उजाडले. त्या वर्षी १३, तर २०२४ मध्ये १६ अध्यापक निवडले गेले. प्रमाणपत्र, ५० हजार रुपये आणि रौप्यपदक असे या सन्मानाचे स्वरूप. उमेदवार नियमित सेवेतील असावा, पूर्णवेळ अध्यापनाचा किमान ५ वर्षांचा अनुभव असावा आणि वय ५५ पेक्षा अधिक नसावे, अशा अटी घालण्यात आल्या. कुलगुरू आणि प्राचार्य यांना या योजनेतून वगळण्यात आले.

‘नियमित’ या एका शब्दाने महाराष्ट्रातील मोठा अध्यापकवर्ग पात्रतेबाहेर जातो. राज्यात प्राध्यापक भरती दीर्घकाळ रखडली. २०१८ मध्ये ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या पदांना मान्यता मिळाली. त्यांतील उरलेल्या २,०८८ पदांचा मार्ग मोकळा होण्यास २०२१ साल लागले. या काळात अनेक महाविद्यालयांतील वर्ग तासिका तत्त्वावरील अध्यापकांनी सांभाळले. नेट-सेट किंवा पीएच.डी. झालेले हे अध्यापक दर वर्षी नव्याने मुलाखत देतात आणि तासांच्या हिशेबाने मानधन घेतात. त्यांच्यातील उत्तम शिक्षकाला शोधण्याची तरतूद नसेल, तर प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांपैकी अनेक जण स्पर्धेतही नसतात.

नेतृत्वाची कसोटी

शैक्षणिक नेतृत्वाचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्राचार्यांच्या कारकिर्दीत किती इमारती झाल्या, मूल्यांकनात कोणती श्रेणी मिळाली, हे मोजणे सोपे. पण रयतसारख्या संस्थेत अध्यापक आणि प्राचार्य यांच्या बदल्या होतात. आज मंचरला असलेला शिक्षक उद्या सातारा जिल्ह्यात असू शकतो. त्यामुळे व्यक्ती गेल्यावरही टिकणारी व्यवस्था उभी राहिली का, सहकाऱ्यांचे अध्यापन सुधारले का, हे नेतृत्वाचे अधिक विश्वासार्ह निकष ठरतात. कॅनडात १९८६ पासून दिल्या जाणाऱ्या ३एम राष्ट्रीय अध्यापन अधिछात्रवृत्तीत वर्गातील अध्यापन आणि शैक्षणिक नेतृत्व या दोहोंचा एकत्र विचार होतो. दर वर्षी निवडल्या जाणाऱ्या अवघ्या दहा जणांपर्यंतच्या गटाला एकत्र बसून विचारविनिमय करण्याची संधी दिली जाते. सन्मानाचा संबंध पुढील कामाशी जोडला जातो, हे त्याचे वैशिष्ट्य.

विद्यापीठाच्या अडचणीही खऱ्या आहेत. शेकडो महाविद्यालयांच्या प्रत्येक वर्गात समिती जाऊ शकत नाही. प्रत्यक्ष भेटीत वशिल्याला वाव राहतो. कागदपत्रे निदान सर्वांना सारखी लागतात. केवळ विद्यार्थ्यांच्या मतावर विसंबल्यास सढळ हाताने गुण देणारा शिक्षक लोकप्रिय ठरण्याचा धोकाही आहे.

तथापि या अडचणींवर उपाय अशक्य नाहीत. फाइल ही केवळ पहिली चाळणी मानावी. अखेरच्या यादीतील मोजक्या अध्यापकांचा एखादा तास समितीने पूर्वसूचना न देता पाहावा. चालू विद्यार्थ्यांऐवजी तीन ते पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांची मते मागवावीत. गुणांचा मोह तोवर सरलेला असतो आणि शिकवलेले किती उपयोगी पडले, हे कळलेले असते. ग्रामीण गटात आदिवासी भागातील विद्यार्थ्यांसोबतच्या कामाला वेगळे गुण असावेत. घोडेगाव येथे आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. त्याच्या सहकार्याने असे काम पडताळणे अवघड नाही.

तासिका तत्त्वावरील अध्यापकांसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू करण्यास मोठा खर्चही येणार नाही. त्यांची भरती शासनाच्या हाती असली, तरी त्यांच्या अध्यापनाची दखल घेणे विद्यापीठाच्या अधिकारात आहे. दर वर्षी नव्याने मुलाखतीला बसणाऱ्या अध्यापकाच्या हाती विद्यापीठाने तपासून दिलेला असा दाखला असेल, तर निवड समितीपुढे त्याला तासांच्या संख्येपलीकडचे काहीतरी मांडता येईल.